पडद्यावरच्या तीन रेघा

हे खरं घडलेलं आहे. रचून सांगायचं असतं, तर मी त्यात स्वतःला जरा बरं दाखवलं असतं.

मागच्या महिन्यातली गोष्ट. रविवार, भर दुपार. आमच्याच घरातली बाहेरची खोली.

भिंतीपलीकडे शिवणकाम करणाऱ्या काकू एकट्याच राहायच्या. थकलेल्या होत्या, पण टापटीप अशी की कचरा टाकायला निघाल्या तरी कपड्यांना इस्त्री. त्यांच्या गळ्यात एक बटण असायचं. ते दाबलं की आमच्या घरातली बेल वाजायची. तीनदा छोटी म्हणजे 'सवडीने ये'. एकदा लांब म्हणजे 'असशील तशी ये'.

बेल वाजली की उठायचं काम बायकोचं. काकूंच्या घराची किल्लीही तिच्याच पर्समध्ये. काकूंनी तिला बजावून ठेवलं होतं, "मला काही झालं ना, तर आधी तू एकटी ये. नीट झाक मला. मग खुशाल गाव गोळा कर."

आम्ही तेव्हा हसलो होतो.

त्या दुपारी बायको बाजारात होती. मी माळ्यावरचा जुना, कॅसेटवाला व्हिडिओ गेम काढला. मेहुणा खेळायच्या आशेने येऊन बसला होता.

माझी एक पद्धत आहे. आधी घरातले सगळे प्लग काढायचे. मग चित्रात खरखर कशामुळे येते ते चटकन सापडतं. फ्रिज काढला, पंखा काढला, वायफाय काढलं.

आणि काकूंची बेल.

"दाजी, बेलपण?"

"दोन मिनिटं रे. तेवढ्यात काय आभाळ कोसळतंय?"

टीव्ही लावला. विमान दिसलं. आणि...

तीन बारीक रेघा. आडव्या सरकत गेल्या.

चित्र स्वच्छ.

पुन्हा तीन.

टीव्ही आणि गेम सोडला तर घरात काही चालू नव्हतं.

"शेजारी कुणीतरी काहीतरी चालवतंय," मी म्हणालो. "आपली वायर जुनी, ती सगळं पकडते."

स्वयंपाकघरातून फॉइलचा रोल आणला आणि टीव्हीपासून गेमपर्यंतची वायर गुंडाळायला घेतली. अगदी मन लावून. बोटभर जागा उघडी ठेवली नाही.

रेघा येतच होत्या.

तीन... जरा थांबून, तीन...

शेवटचं टोक गुंडाळायचं राहिलं, तेव्हा...

एक जाड पांढरी रेघ आली. पडद्याच्या मधोमध. ती सरकेना. विमान तिच्यामागे दिसेनासं झालं.

"ही काही जात नाही बघा," मेहुणा म्हणाला.

मी फॉइल दाबून बसवली.

रेघ गेली.

मी टाळ्या पिटल्या. त्या टाळ्या आठवल्या की अजून मान खाली जाते.

फ्रिज लावला. पंखा लावला. वायफाय तर आठवणीने लावलं. बेल राहिली. संध्याकाळपर्यंत आम्ही खेळत बसलो.

मग बाहेर गलका झाला.

पाण्याचा जार देणारा काकूंचं दार ठोठावत होता. आत नळ वाहत होता... आणि कुणी ओ देत नव्हतं. चार जणांनी मिळून दार तोडलं. सगळा मजला आत घुसला. मीही.

काकू बाथरूमच्या दारात पडल्या होत्या. अंगावर एक टॉवेल, तोही सरकलेला. कुणी नजर वळवली नाही. मागचे टाचा उंचावून बघत होते. मलाही चादर सुचली नाही.

तेवढ्यात बायको आली. माणसं बाजूला सारत गेली, पलंगावरची चादर ओढली आणि काकूंना झाकलं. मग माझ्याकडे वळली.

"बेल वाजली नाही?"

"मी प्लग काढला होता," मी म्हणालो. खोटं बोलायचंही धाडस झालं नाही.

डॉक्टर म्हणाले, दुपारच्या कितीतरी आधी गेल्यात. मेहुण्याने माझ्या पाठीवर हात ठेवला. "बघा दाजी, तुमचा काही दोष नाही."

मला हायसं वाटलं. त्याचीही आता लाज वाटते.

घरी आल्यावर मी बायकोला त्या रेघांचं सांगितलं. ती ऐकत राहिली. मग तिने पर्समधून एक छोटा गोल सेल काढून टेबलावर ठेवला.

"काकूंच्या बटणातला आहे. मंदावला होता. असाच नवा आण म्हणून सकाळी मलाच काढून दिला त्यांनी."

बटण नंतर शिलाई मशीनच्या खणात सापडलं. मागचं झाकण उघडं. आत काही नाही.

मग तीनदा कोण बोलावत होतं...?

आणि शेवटी एकदा, लांब?

बेल लावलेली असती, तर ती वाजली असती का? मला कधीच कळणार नाही. जीव वाचवायची वेळ तर केव्हाच टळून गेली होती. काकूंना एवढंच हवं होतं, की माणसं जमायच्या आत कुणीतरी येऊन त्यांना झाकावं. मी भिंतीअलीकडे बसून वायर झाकत होतो.

दुसऱ्या दिवशी सगळी फॉइल सोलून काढली. बेल लावली. तिचा प्लग आता कुणाला हात लावू देत नाही.

रोज दुपारी टीव्ही लावून बसतो. वायर उघडी. फ्रिज, पंखा, वायफाय, सगळं चालू. इतक्या जुन्या वायरीवर खरखर यायलाच हवी.

एकही रेघ येत नाही.

"बंद कर ना तो," बायको म्हणते. "आता कशासाठी बोलावतील त्या तुला?"

मी पडद्याकडे बघत बसून राहतो.