पाठीवरचे हूक

हे घडलेलं आहे. आत्ताच देवापुढची समई लावून उठले आणि लिहायला बसले, त्यामुळे पदरचं काही घालणार नाही. ज्यांना पटणार नाही त्यांनी सोडून द्यावं, माझा आग्रह नाही.

हकिकत माझ्या थोरल्या नणंदेची. मंगला त्यांचं नाव. आम्ही त्यांना मंगलावन्सं म्हणतो. साल एकोणऐंशी, जागा बहरीनमधलं मनामा.

आणि वेळ रात्रीची नव्हे. भर दुपारची.

तिकडे उन्हाळ्यात दुपारचा बाजार बंद असतो. जेवणवेळेला शटरं धडाधड खाली येतात, ती चारला उघडतात. मधल्या वेळात गल्लीत चिटपाखरू नसतं. भिंती भाजत असतात, आणि एसीच्या पेट्या घरघरत असतात... बाकी काही नाही.

वन्सं स्मिताबाईंच्या दुकानात शिवणकामाला होत्या. दुकान म्हणजे गल्लीच्या टोकाला एक लांबट गाळा. पुढे शटर, मागे पडद्याआड कपडे घालून बघायची जागा आणि आरसा. दुसरं दार नाही. वन्संचा व्हिसा बाईंच्या नावावर, त्यामुळे बाई म्हणतील ती पूर्व. जोडीला गोदाबाई होत्या, संगमेश्वरकडच्या. काज, बटण, हूक, हातशिलाई ही त्यांची कामं.

त्या वर्षी इंग्रज लोकांच्या क्लबात मोठा समारंभ होता. सगळ्या मडमांना राणी व्हिक्टोरियाच्या आणि तिच्या मुलाच्या काळातले झगे हवे होते. त्यांचे पॅटर्न विलायतेहून पाकिटातून आले. कांद्याच्या सालीसारखा पातळ कागद, त्यावर रेघा, बाण, ठिपके. तो कापडावर अंथरायचा, टाचण्या लावायच्या आणि रेघेवरून कापायचं.

वन्संना गंमत वाटायची. आपली चोळी पुढून लागते. हे झगे मागून. मानेपासून कमरेखालपर्यंत बारीक हुकांची रांग, आणि कमरेभोवती आतून पोलादी पट्ट्या.

"एकटीला घालताच यायचा नाही हा," त्या गोदाबाईंना म्हणाल्या.

"घालता येत नाही नि काढताही येत नाही गो. दुसरी बाई लागते. म्हणून तर मडमांकडे मोलकरणी असायच्या."

काम तुंबलं तसं स्मिताबाईंनी सांगितलं, "मंगला, दुपारी तू घरी जायचं नाहीस. मी बाहेरून कुलूप लावते. चारपर्यंत कोणी त्रास द्यायला येणार नाही."

"कुलूप कशाला, बाई?"

"नाहीतर तू जाऊन झोपशील. पंखा चालू ठेवतेय, उपकार मान."

पहिल्याच दुपारी वन्सं मशीनवर बसल्या होत्या. गोदाबाई जेवायला गेलेल्या. वरच्या झरोक्यातून उजेडाची एक पट्टी आत आलेली.

टक... टक... टक.

शटरवर कोणीतरी बोटाची पेरं आपटत होतं. घाई नाही. एक ठोका, मग थांबणं, मग पुढचा.

वन्संना वाटलं, बाहेर कोणी आलंय. "चारला या," त्या म्हणाल्या.

टक... टक...

त्या उठून शटरपाशी गेल्या. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं.

पत्रा बाहेरून वाजत नव्हता.

आतून वाजत होता. त्यांच्या छातीइतक्या उंचीवर. आणि तिथे कोणी नव्हतं.

चारला शटर उघडलं तेव्हा वन्सं कोपऱ्यात बसून रामरक्षा म्हणत होत्या. स्मिताबाई हसल्या. "नवीन आलेल्या सगळ्यांना आधी भूतच दिसतं. कामाला लाग."

संध्याकाळी गोदाबाईंनी खरं काय ते सांगितलं.

आदल्या उन्हाळ्यात वन्संच्या जागी मथुरा होती. डावखुरी पोर. हात असा की शिवण कुठे सुरू झाली आणि कुठे संपली ते कळू नये. तिलाही बाई दुपारी कोंडत. शिवाय बाहेर जिन्याखालचा मेनस्विच बंद करायला लावत. पायमशीनला करंट कशाला लागतो, म्हणत.

जूनमधल्या एका दुपारी मथुरा आतच गेली.

"हार्ट फेल, असं लिहिलं. खलास," गोदाबाई म्हणाल्या. "मी तेव्हा नव्हते. तिकडेच अराद गावाला मावसबहिणीकडे गेले होते चार दिवस. आल्यावर कळलं."

"ही टकटक तिची?"

"तिचीच. उत्तर देऊ नको. आपल्यात सांगतात ना, ओ द्यायची नाही म्हणून? तसं समज."

दुसऱ्या दिवशी वन्संनी पाय घट्ट रोवले. कोंडून घेणार नाही, हवं तर व्हिसा रद्द करा म्हणाल्या. त्यांच्यासारख्या मवाळ बाईच्या तोंडातून असं काही येईल हे बाईंना अपेक्षित नव्हतं. समारंभ तोंडावर आला होता. बाई नमल्या.

"बरं. किल्ली तूच ठेव. पण निघताना मेनस्विच बंद कर. आणि भुताचं निमित्त करून दुपार खाल्लीस, ती रात्री भरून दे."

तेव्हापासून वन्सं आणि गोदाबाई दुपारी कुलूप लावून बाहेरच जिन्याखाली सावलीत बसत. डबा खात, पाठ टेकत. आणि रोज, रिकाम्या बंद दुकानातून...

टक... टक... टक.

माणसाला कशाचीही सवय होते. वन्सं जप करत, गोदाबाई तोंडावर पदर घेऊन पडत. थोड्या वेळानं ती थांबायची.

पण मथुरा नुसती वाजवत नव्हती.

सगळ्यात भारी झगा एका मोठ्या साहेबाच्या बायकोचा होता. मोरपिशी रेशीम, गळ्यापर्यंत बंद. वन्संनी तो पॅटर्नप्रमाणे शिवला आणि स्टँडवर चढवला. सकाळी बघतात तर कमर आत घेतलेली.

हातानं. बारीक उलटी टीप, आणि प्रत्येक टाका उलट्या बाजूला झुकलेला.

वन्संनी उसवली. दुसऱ्या सकाळी पुन्हा तशीच. मग आणखी आत. पॅटर्नचा कागद पसरून मापं ताडली, कागद बरोबर होता.

"टाके बघा," वन्संनी झगा पुढे धरला.

गोदाबाईंनी बघितलं नाही. "उसव नि गप बस," एवढंच म्हणाल्या.

अखेर स्मिताबाईंच्या नजरेस पडलं.

"तुला कागद वाचता येत नाही, हे आधी सांगायचं होतंस."

"बाई, मी बरोबर शिवलंय. रात्रीतून कोणीतरी आत घेतं."

"कोणीतरी? त्या मथुरेचं नाव माझ्यासमोर घ्यायचं नाही. फुकट मेली आणि माझ्या डोक्याला ताप ठेवून गेली." बाईंनी झगा ओढून घेतला. "मडमेचं आणि माझं माप एकच आहे. मी घालून बघते. नाही बसला, तर पुढच्या विमानानं तू लांज्याला."

"मी हूक लावून देते ना, बाई."

"तुझे हात लावू नकोस आता याला."

वन्सं आणि गोदाबाई हात धुवायला गल्लीच्या टोकाच्या नळावर गेल्या. परत येताना बाईंची गाडी कोपऱ्यावर वळताना दिसली. दुकानात कोणी नव्हतं. स्टँड उघडा होता. बाई झगा घेऊन जिदहफ्सला घरी गेल्या, घरीच घालून बघणार, असं वन्संनी धरलं. मागचा पडदा ओढलेला होता. तो रोजच असायचा.

त्यांनी शटर ओढलं, कुलूप लावलं, मेनस्विच खाली केला.

गाडीत ड्रायव्हर एकटाच होता, हे नंतर कळलं. बाईंनी त्याला चारला यायला सांगितलं होतं.

जिन्याखाली दोघी डबा उघडतायत, तोच सुरू झालं.

पण आज ते तसं नव्हतं.

धाडधाडधाड... दोन्ही तळहातांनी पत्रा बडवल्यासारखं. शटर हलत होतं. कसलीशी घसट, धापा टाकल्यासारखा आवाज. शब्द मात्र नाही.

वन्सं उठल्या. किल्ली कमरेला होती, ती हातात घेतली.

"गोदाबाई, ही मथुरा नाही."

गोदाबाई पांढऱ्या पडल्या होत्या.

वन्संनी शटरपाशी जाऊन कुलपाला किल्ली लावली.

आणि आतलं बडवणं एकदम थांबलं.

क्षणभर काही नाही... एसीच्या पेट्या तेवढ्या.

मग, रोजच्या जागी, रोजच्या संथपणानं...

टक... टक... टक.

"बघ," गोदाबाईंचा आवाज फाटला होता. "तीच आहे. बस खाली."

वन्सं बसल्या. रोजची टकटक ऐकून त्यांना हायसं वाटलं, हे त्यांनी मला स्वतः सांगितलंय. त्या दिवशी ती कितीतरी वेळ चालली. बाहेर कोणी बसलंय याची खात्री करून घेतल्यासारखी.

चारला त्यांनी शटर वर केलं.

स्मिताबाई शटरला टेकून पडल्या होत्या.

अंगात मोरपिशी झगा. कमर इतकी आत गेलेली की माणसाची वाटेना. ओरडायला श्वास कुठून आणणार? तळहात सुजलेले, डोळे उघडे. अंग तापलेल्या तव्यासारखं.

वन्संनी त्यांना वळवलं.

पाठीवरचे हूक लागलेले होते. सगळे. मानेपर्यंत.

आणि त्यांच्यावरून, बाई आतमध्ये जिवंत असताना, दोन्ही कडा एकमेकींना शिवून टाकल्या होत्या. बारीक उलटी टीप. प्रत्येक टाका उलट्या बाजूला झुकलेला. अंगावर घातलेलं वस्त्र आपल्याकडे शिवत नाहीत. तसं फक्त मेलेल्याचं शिवतात.

शेवटच्या टाक्याला दोरा तोडलेला नव्हता. सुई तशीच लोंबत होती...

सुई हलत होती.

दवाखान्यात झगा कात्रीनं कापून काढला. गरमीनं हार्ट फेल, असंच लिहिलं गेलं. ड्रायव्हरनं खरं सांगितल्यामुळे वन्संवर बालंट आलं नाही. पाठीचे हूक लावले कोणी, हे कुणीच विचारलं नाही. पुरुषांना तो प्रश्न सुचत नसावा.

दुकान बंद झालं. वन्सं महिन्याभरात परत आल्या.

विमानात त्यांच्या मनात एक गोष्ट आली आणि ती काही केल्या जाईना. मथुरा मेली तेव्हा गोदाबाई अरादला होत्या. तसं त्याच म्हणाल्या होत्या. मग पहिल्या दिवसापासून ही टकटक मथुरेचीच, हे त्या इतक्या ठामपणे कशा सांगत होत्या? ठोका ओळखायला तो आधी ऐकलेला असावा लागतो.

शहाऐंशी साली वन्सं एका लग्नासाठी संगमेश्वरला गेल्या. तिथून मुद्दाम गोदाबाईंचं घर शोधलं. दुपार होती. गोदाबाई पडवीत बसल्या होत्या. फार वाळल्या होत्या.

इकडचं तिकडचं झालं. मग वन्संनी विचारलं, "गोदाबाई, मथुरेच्या वेळी किल्ली कुणाकडे होती?"

गोदाबाईंनी तोंड अंगणाकडे फिरवलं.

"बाईंनी दम दिला होता," त्या म्हणाल्या. "चारच्या आत उघडलंस तर तुझाही व्हिसा गेला म्हणाल्या. मला वाटलं, कंटाळून वाजवते आहे. थांबेल मग."

"तुम्ही जिन्याखाली होतात?"

"होते."

वन्संना पुढे काही विचारवेना. त्या उठल्या. तेव्हा गोदाबाईंनी त्यांचा हात धरला.

"मंगला, तुला येते का गो अजून ऐकू?"

"नाही. त्या दिवसापासून नाही."

"मला येते," गोदाबाई म्हणाल्या. "आधी लांबून यायची. माजघरातून. आता जवळून येते."

त्या माजघराकडे वळून बसल्या. वन्संना त्यांची पाठ दिसली.

घरात गोदाबाई एकट्याच राहत होत्या. लुगड्यावरची चोळी जुनीच होती, नेहमीची पुढून गाठ मारायची. पण पाठीच्या मधोमध, मानेपासून खाली, कोणीतरी नवीन शिवण घालायला सुरुवात केली होती.

टाके थोडेच होते... अजून.

वन्संनी गोदाबाईंना ते सांगितलं नाही. मला सांगितलं, तेही कितीतरी वर्षांनी. तेव्हापासून माझ्या रोजच्या जपातली एक माळ मी गोदाबाईंच्या नावानं ओढते. त्या आहेत की गेल्या, हे विचारायला मात्र माझी जीभ अजून रेटलेली नाही.