चिंधीचा वाटा

हसायचं असेल तर हसा, पण एक अक्षरही पदरचं सांगत नाहीये.

माझी ताई शिवणकाम करते. मागच्या हिवाळ्यात, एका शनिवारी संध्याकाळी, तिच्या दुकानात हे घडलं. मी तिथेच होतो.

ताईचे दोन ससे दुकानातच राहायचे. दिवसभर नव्या कापडावर लोळणारा तो शेठ. एक कान कायम दुमडलेली ती चिंधी.

चिंधी आजारी पडून गेली आणि शेठने खाणं सोडलं. सशाचं पोट एक दिवस जरी रिकामं राहिलं तरी जिवावर बेततं. ताईच्या डोळ्याला डोळा लागेना.

"त्याच्याजवळ आरसा ठेवा," जनावरांचे डॉक्टर म्हणाले. "एकट्या सशाला कधीकधी सोबत वाटते."

ताईने गिऱ्हाइकांचा मोठा आरसा खाली जमिनीला टेकवला. शेठ त्याला चिकटून बसला. काच चाटायला लागला.

"घ्या, शेठचं पुन्हा जमलं!" मी म्हटलं.

"गप रे," ताई म्हणाली, पण हसली.

वाटी रोज रिकामी होऊ लागली.

पण शेठला उचललं की... हलका लागायचा.

"याच्या पोटात काहीच नाही," डॉक्टर म्हणाले.

"अहो, वाटीत एक काडी उरत नाही!"

डॉक्टरांनी पुन्हा त्याचं पोट चाचपलं.

त्या शनिवारी ताईने दुकान लवकर बंद केलं. आम्ही कापायच्या टेबलामागे बसून राहिलो.

शेठने पाल्याची जुडी नाकाने ढकलली... थेट काचेपर्यंत. मग आरशाकडे पाठ करून बसला.

आरशात त्याची पाठ दिसायला हवी होती.

दिसलं तोंड.

ते चावत होतं... आणि एक कान दुमडलेला होता.

कुरुम... कुरुम...

शेठचं तोंड बंद होतं. काचेजवळची जुडी मात्र कमी कमी होत चालली होती.

ताईने हाताला लागलं ते कापड आरशावर फेकलं. शेठने मागचा पाय आपटला. धप्!

कापडाआडूनही आवाज आला... धप्!

शेठला मी माझ्या घरी आणलं. आरसे काढले, टीव्हीवर चादर टाकली. तो थोडं थोडं खायला लागला, अंगही धरलं. ताई फोनवर रडलीच. मलाही वाटलं, सुटलो बुवा.

पण पाणी तर द्यावंच लागतं. बाटलीला तो तोंड लावत नाही, म्हणून वाडग्यात देतो.

आज सकाळी शेठ वाडग्यावर वाकला. बराच वेळ पाण्यात बघत राहिला... मग तोंडातलं पान त्यात सोडलं आणि पाठ फिरवली.

मी धावत जाऊन वाडगं उचललं.

आत नुसतं पाणी होतं.

आता ताईचा फोन येईल. रोजच्यासारखं विचारेल, "खाल्लं का रे त्याने?"

काय सांगू तिला?