चिमणीच्या वहीतली कोरी जागा

किल्ली घ्यायला आलात ना? देतो. पण आधी बसा, चहा घ्या. उद्यापासून ही गच्चीवरची खोली तुमची, तेव्हा वहीचा नियम सांगायला हवा. आणि नियम सांगायचा तर त्यामागची गोष्ट लपवून चालणार नाही. मी तीस वर्षं या कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवलं. भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की सगळ्यात आधी हसणारा मीच. आता हसत नाही.

या खोलीतून आम्ही एक उपग्रह सांभाळला. केवढा, तर दहा सेंटिमीटरचा चौकोनी डबा, वजन सव्वा किलो. मुलांनी इथेच, खालच्या लॅबमध्ये जोडला आणि नाव ठेवलं चिमणी. रोज पहाटे सहाच्या आणि संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला ती पनवेलवरून जायची. संध्याकाळी कर्नाळ्याच्या बाजूने वर यायची आणि दहा मिनिटांत उत्तरेला बुडायची. काय बोलायचं ते त्या दहा मिनिटांत. हुकूम चुकला की पुढचे बारा तास हात चोळत बसायचं.

वहीचा नियम दिपिकाने बसवला. दिपिका गव्हाणची, मिठागरवाल्यांच्या घरातली, शेवटच्या वर्षाला होती. पहिल्याच महिन्यात कुणीतरी घाईघाईत भलताच हुकूम पाठवला आणि चिमणी दोन दिवस मुकी झाली. तेव्हा तिने ही वही आणली. एकाने हुकूम मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने तो शब्दन्‌शब्द परत म्हणायचा, मगच बटण दाबायचं. दोघांची नावं वहीत लिहायची. आणि निघताना सुटण्याची वेळ लिहायची, पण एकमेकांची. "स्वतःची वेळ स्वतः लिहिली ना सर, की माणूस लबाडी करतो," म्हणाली. मला तिचं फार कौतुक वाटलं होतं.

गेल्या मार्चमध्ये मुलं परीक्षेच्या सुट्टीवर होती. चिमणीची बॅटरी झपाट्याने उतरत होती. कॅमेरा त्याच संध्याकाळी बंद केला नसता, तर सकाळपर्यंत सगळा खेळ आटोपला असता. दुसरं माणूस हवं म्हणून मी दिपिकाला फोन केला. "स्कूटी काढतेच सर," ती म्हणाली. साडेसहा वाजून गेले. चिमणी वर आली, बुडायला लागली, तरी हिचा पत्ता नाही. सहा एकेचाळीसला मी एकट्यानेच वाचलं. परत म्हणायला कुणी नव्हतं. बटण दाबलं.

आणि वहीत 'परत म्हणणारी' या रकान्यात तिचं नाव लिहिलं.

येईलच की पाच मिनिटांत, असं मनाशी धरून. नियम मोडल्याचं कुणाला दिसू नये, हेही खरंच. मग फोन वाजला. मी सवयीने माझ्या नावापुढे ६:५५ लिहिलं, ते सुद्धा माझं मीच, आणि धावत सुटलो. उरण रोडवर ट्रेलरखाली... दवाखान्याच्या कागदावर ती गेल्याची वेळ होती सहा वीस.

तिच्या नावापुढची जागा मी कोरीच ठेवली. तिथे काय लिहिणार?

चिमणी मिळालेले हुकूम स्वतः मोजायची आणि आकडा वेळेसकट खाली पाठवायची. त्या दिवसापासून आम्ही एक पाठवला की ती दोन मोजायची. मुलं म्हणाली, प्रोग्रॅममध्ये चूक आहे. सगळा प्रोग्रॅम तपासला, चूक सापडली नाही. मग मी दोन हुकमांमधलं अंतर काढलं. नेहमी चार सेकंद. तेवढेच सेकंद लागतात हुकूम परत म्हणायला... त्या वेळी खोलीत राळेच्या धुराचा वास यायचा, दिपिका सोल्डरिंगला बसली की यायचा तो. सोल्डरिंगची पेन्सिल बंद असायची. वायर काढून ठेवलेली असायची. मी मुलांना काही बोललो नाही.

नोव्हेंबरात चिमणीची बॅटरी संपत आली आणि तिला कायमचं गप्प करायचं ठरलं. तसा रिवाजच आहे, नाहीतर मेलेला डबा वर बडबडत राहतो. शेवटच्या संध्याकाळी दिपिकाची आई आली. गुणाबाई. लेकीने बनवलेलं काय आहे ते एकदा बघायचं, म्हणाल्या. मुलं खाली थांबली होती. बाई खोलीभर फिरल्या आणि वहीपाशी थबकल्या. एकेका ओळीवरून बोट फिरवत मार्चच्या त्या पानावर आल्या.

"सर, हितं माज्या पोरीचं नाव हाय. सहा एकेचाळीस... पोचली होती ती?"

मी पडद्यावरचे आकडे बघायला लागलो.

"खरं सांगा. रोज सांजेला मी दार लोटत नाय. वाटतं, कामाला बसलीय, सुटली की येल घरी."

'हो' म्हणालो असतो तर बाईंना बरं वाटलं असतं, माझी अब्रूही राहिली असती. पण त्यांनी रोज दार उघडं ठेवून बसायचं, हे मला सोसवेना.

"नाही पोचली, गुणाबाई. तिचं नाव मी लिहिलं. खोटं लिहिलं."

बाईंनी त्या नावावरून बोट उचललं नाही.

"मंजे तुमीच बसवलंय तिला हितं," शेवटी हळू म्हणाल्या. "आता सोडा."

चिमणी कर्नाळ्यावर आली होती. बाई आपणहून दिपिकाच्या खुर्चीवर बसल्या. मी वाचलं, "चिमणी, ट्रान्समीटर कायमचा बंद." त्यांनी अडखळत परत म्हटलं. मी बटण दाबलं. गप्प होण्याआधी चिमणीने शेवटचा आकडा पाठवला. या वेळी तिने एकच हुकूम मोजला होता.

गुणाबाईंनी त्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं. "हितं कोन लिवतो?"

"मी लिहायचं."

"मंग लिवा. सहा वीस."

मी लिहिलं. बाई उठल्या, रिकाम्या खुर्चीकडे बघून म्हणाल्या, "चल गो बाय, घरी." आणि जिना उतरताना कठड्याच्या बाजूला एका माणसापुरती जागा सोडून उतरल्या. मला खूप हलकं वाटलं. किती महिन्यांनी मोकळा श्वास घेतला.

मग मी वही मिटायला गेलो.

त्याच ओळीत माझ्या नावापुढचं ६:५५ नव्हतं. खाडाखोड नाही, पुसल्याची खूण नाही. कागद इतका कोरा, की तिथे कधी पेन टेकलंच नव्हतं असं वाटावं. मी पुन्हा लिहिलं. सकाळी जागा कोरी. मुलांकडून लिहून घेतलं, तेही सकाळी नाही. नियमच तसा आहे ना... माझी वेळ त्या ओळीतल्या जोडीदाराने लिहायची. आणि तिला तर मी सोडून दिलं. आता माझी सुटका लिहिणारं कुणी उरलं नाही.

ही घ्या किल्ली. निवृत्तीचं पत्र माझ्या खिशात आहे, सामानही बांधून झालंय. पण सहा पस्तीस होत आले. चिमणी बंद असली तरी जाते अजून इथूनच, आणि या वेळी मी कुठेही असलो तरी पाय मला इथेच आणतात.

तुम्ही निघा आता. जिन्यात मी हुकूम वाचत असल्याचा आवाज आला तर थांबू नका. परत म्हणणाऱ्याचं नाव वहीत चढतं. आणि काहीही झालं तरी... परत म्हणू नका.