नकाशाखालचं नाव

तो माझ्याशी जे पहिलं वाक्य बोलला ते चुकीचं होतं, हे आधीच सांगून ठेवते.

"ताई, गेज आतून आत मोजतात. तुम्ही भलतंच मोजताय."

डिसेंबरातला रविवार होता, सकाळचे साडेनऊ. पलसाण्यात मी ज्या कापडाच्या डाइंग मिलच्या लॅबमध्ये काम करते, तिच्या मागच्या भिंतीला लागून उसाचं शेत आहे. भिंत आणि ऊस यांच्या मधे, गाजरगवतात, जुन्या बंद पडलेल्या नॅरोगेज लाइनचे अकरा मीटर रूळ अजून शिल्लक आहेत. बाकीची बावीस किलोमीटरची लाइन केव्हाच उपटून नेलेली. मी गुडघ्यावर बसून रुळाच्या डोक्याला व्हर्निअर लावलं होतं, भिंतीपलीकडून वाफेचा फुसफुसाट येत होता आणि मागे हा उभा. निळा स्वेटर, गळ्यात कॅमेरा आणि न विचारता शिकवायला निघालेल्या माणसाच्या चेहऱ्यावर असतो तो दयाळूपणा.

"मी गेज मोजत नाहीये," मी म्हटलं. "दोन रुळांमधलं अंतर मागच्या रविवारीच मोजलं. सातशे बासष्ट मिलिमीटर. आज झीज मोजतेय. इथे वळण आहे. बाहेरच्या रुळाची आतली बाजू साडेसहा मिलिमीटर खाल्ली गेलीय. लोक म्हणतात ही लाइन रिकामीच धावायची. रिकाम्या गाड्यांनी लोखंड असं झिजत नाही."

तो खाली बसला, झिजलेल्या कडेवरून अंगठा फिरवला... पुन्हा फिरवला.

"मी सहायक स्टेशन मास्तर आहे," तो म्हणाला. "सहा वर्षं रोज रूळ बघतो. हे कधी बघितलं नव्हतं, ताई."

"ताई म्हणू नका."

"मग काय म्हणू?"

"नूतन."

"गजेंद्र," तो म्हणाला, आणि मग मान खाली घालून, "बरं झालं. ताई म्हणणं मलाही जडच जात होतं."

मी व्हर्निअरकडे बघत राहिले. आकडा मात्र तीनदा वाचावा लागला.

त्यानेच मला रूळमित्र मंडळात नेलं. बंद पडलेल्या लाइनी, जुनी स्टेशनं, जुनी वेळापत्रकं यांचा नाद असलेली अकरा माणसं महिन्यातून एकदा भेस्तानला शालिग्रामकाकांच्या घरी जमायची. काका रेल्वेतून क्लार्क म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्याकडे पन्नास वर्षांची वेळापत्रकं लोखंडी कपाटात लावून ठेवलेली आहेत, याबद्दल मला आदर आहे. पण पहिल्याच बैठकीत मी झिजेचा हिशोब मांडला, तर त्यांनी माझं सगळं ऐकून गजेंद्रला विचारलं, "असं कशावरून रे?" बोलले मी, उत्तर मागितलं त्याच्याकडे. गजेंद्र म्हणाला, "मला काय विचारता, काका? त्यांना विचारा." त्या दिवशी तो मला आवडला. पुढे मी त्याच्याबद्दल बरंच वाईट सांगणार आहे, म्हणून हेही सांगायला हवं.

मग चौदा रविवार आम्ही त्या लाइनीच्या मागे फिरलो. मंडळाचं प्रदर्शन मार्चमध्ये होतं आणि त्यात या लाइनीचा नकाशा लावायचा होता. नकाशा मी काढत होते. पूल, मोऱ्या, सिग्नलच्या खांबांची बुडं, सगळं मोजून. तीन स्टेशनं कागदपत्रांत सापडली. चौथं कुठेच नव्हतं. ते मी एका शेतात विहिरीच्या काठच्या घडीव दगडांवरून ओळखलं. इंजिनाला पाणी द्यायची विहीर होती ती.

टेपचं एक टोक माझ्या हातात असायचं, दुसरं त्याच्या. मधे तीस मीटर. तो दर वेळी म्हणायचा, मधे झोळ पडला, परत मोजू या. मग टेप गुंडाळत गुंडाळत माझ्यापर्यंत चालत यायचा.

"झोळ नव्हता," मी एकदा म्हटलं.

"माहितेय."

"मग?"

"तीस मीटर फार होतात..."

घरी आईला काही सांगितलं नव्हतं. माझी आई, कलाबाई, साड्यांच्या कारखान्यात धागे कापते. पारोळ्याहून लग्न होऊन आली, बत्तीस वर्षं झाली, घरात अजून अहिराणीच बोलते. मी टेप पिशवीत टाकताना ती म्हणायची, "लोकेसन्या पोरी पोऱ्या देखतस, आमनी पोर रूळ देखस." मी गप्प राहायचे. मी दोन्ही बघत होते.

फेब्रुवारीत एकदा लोचो खायला गाडीवर उभे असताना त्याने मला स्टेशनातल्या रजिस्टरबद्दल सांगितलं. प्रत्येक गाडीची वेळ त्यात लिहायची असते. चूक झाली तर खोडायचं नाही, खरडायचं नाही, वर कागद चिकटवायचा नाही. एकच रेघ मारायची, खालचं वाचता येईल अशी. वर खरं लिहायचं, शेजारी सही करायची आणि वेळ टाकायची.

"चूक माफ होते," तो म्हणाला. "लपवलेली चूक माफ होत नाही."

आमच्या लॅबच्या वहीला अक्षरशः हाच नियम आहे. मला एमएस्सीच्या पहिल्या दिवशी शिकवलेला. लोचोवरचं तेल बोटांना लागलेलं, समोर हा माणूस चटणी मागत होता आणि मला वाटलं, याच्याबरोबर राहता येईल. लोक डोळ्यांवर भाळतात. मी रजिस्टरवर भाळले. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

नकाशा पूर्ण झाल्यावर मी त्याला पाठवला, स्टेशनांची नावं एकदा तपासून घे म्हणून. त्याने तपासली आणि छपाईसाठी काकांकडे पाठवला.

प्रदर्शन उधन्याच्या एका समाजवाडीत होतं. मी आईला घेऊन गेले. तिने सुट्टी घेतली होती, इस्त्रीची साडी नेसली होती. लेकीचं काम भिंतीवर लागणार, एवढंच तिला माहीत होतं. नकाशा सगळ्यांत मोठा होता, दारातून दिसेल असा, फ्लेक्सवर. आई चौथी शिकलेली. ती बोट ठेवून खालची अक्षरं वाचायला लागली. मी तिच्या खांद्यावरून वाचलं.

'संशोधन व नकाशा : श्री. गजेंद्र देवरे, सहायक स्टेशन मास्तर.'

आईचं बोट पुढे सरकलं. कोपऱ्यात, बारीक अक्षरांत, 'चहा-नाश्ता व्यवस्था : कु. नूतन सोनवणे.'

"देख व माय," आई आनंदाने म्हणाली. "तुनं नाव शे आठे."

मी चहा पीतसुद्धा नाही.

आई खूश झाली नसती तर मी कदाचित गप्प बसले असते. मी सहसा गप्पच बसते. पण ती वळून शेजारच्या अनोळखी बाईला ते नाव दाखवायला लागली, तेव्हा मला राहवलं नाही.

आधी काकांकडे गेले. काका म्हणाले, नकाशा गजेंद्रच्या मोबाईलवरून आला होता, आणि रेल्वेतल्या माणसाचं नाव असलं की जरा वजन पडतं, बेटा. तुझं नाव घातलंय ना? घातलंय, मी म्हटलं, चहाखाली. त्यांना त्यात वावगं काय हेच कळेना. वाईट माणूस असता तर बरं झालं असतं, भांडायला सोपं गेलं असतं.

गजेंद्र खिडकीजवळ उभा होता. मला येताना बघून त्याचा चेहरा उतरला. तेव्हाच कळलं, त्याला माहीत होतं.

"केव्हा बघितलंस?"

"गुरुवारी. काकांनी छपाईआधी फोटो पाठवला होता. ड्यूटीवर होतो, म्हटलं उद्या सांगतो—"

"आज रविवार आहे."

"हो."

"शुक्रवारी काय केलंस?"

तो म्हणाला, "शुक्रवारी तो फोटो उघडून बघत बसलो. माझं नाव एवढ्या मोठ्या अक्षरांत कधी छापून आलं नव्हतं, नूतन. छान दिसत होतं. आणि शनिवारी सांगायची लाज वाटली."

खोटं बोलला असता तर मी निघून गेले असते. खरं बोलला म्हणून राग कमी झाला असंही नाही. उलट वाढला. चौदा रविवार, पायांत काटे, विहिरीच्या त्या दगडांसाठी दोनदा साप बघितला... आणि याला छान दिसत होतं.

तोवर काका मागून आले. म्हणाले, एवढं मनावर घेऊ नका, उद्या पांढऱ्या कागदाची पट्टी चिकटवून वर दोघांची नावं लिहू. गजेंद्र लगेच म्हणाला, "आत्ताच चिकटवतो."

"तुझ्या रजिस्टरमध्ये पट्टी चिकटवतोस?" मी विचारलं.

माझा आवाज इतका मोठा असतो हे मलाही माहीत नव्हतं. वाडीतले लोक वळून बघायला लागले. गजेंद्रने अभिप्रायाच्या वहीशेजारचा लाल मार्कर उचलला, नकाशासमोर गेला आणि स्वतःच्या नावावर, हुद्द्यासकट, एक सरळ रेघ मारली. खालचं नाव वाचता येईल अशी. वर लिहिलं, नूतन सोनवणे. शेजारी सही केली, घड्याळ बघितलं, अकरा वीस लिहिलं. मग कोपऱ्यातल्या चहा-नाश्त्याच्या ओळीत माझ्या नावावर तशीच रेघ मारली आणि तिथे स्वतःचं नाव लिहिलं. त्याच्या कपाळावर घाम आला होता.

पाच हजारांचा फ्लेक्स, काका पुटपुटले. मग आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघत म्हणाले, "अरे, तुमचं काही भांडणबिंडण आहे का? असलं तर बाहेर मिटवा. इथे लोक आहेत."

"आहे भांडण," मी म्हटलं. "मला याच्याशी लग्न करायचंय. त्याआधी कोणाचं काय आहे ते स्पष्ट झालेलं बरं."

आईने पदर सावरला. "कोनासंगे?" तिने विचारलं.

मी बोट दाखवलं.

गजेंद्रच्या हातात मार्कर उघडाच होता. त्याच्या पांढऱ्या शर्टाला लाल डाग पडला होता आणि त्याचं तिकडे लक्ष नव्हतं.

"मला कोणी विचारलंच नाही..." तो हळूच म्हणाला.

"आत्ता विचारतेय. माझा राग अजून गेलेला नाही, तो मे महिन्यापर्यंत तरी राहील. आणि लग्नानंतर माझं आडनाव बदलणार नाही. माझ्या कामाखाली माझंच नाव राहील."

तो हसला नाही. हसला असता तर मी सगळं परत घेतलं असतं. त्याने आईकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मेपर्यंत थांबतो," तो म्हणाला. "पण उत्तर आजच लिहून घे. हो."