सुईला हात लावायचा नाही

गाडी तिच्या घोट्यावर आदळली आणि पांढऱ्या कोटावर तेलाचे शिंतोडे उडाले.

गाडी केवढी, तर मांजराएवढी. पण आवाज असा, की गल्लीतली तावदानं थरथरली. कानाच्या दवाखान्याच्या मागच्या दाराशी जेवणाच्या सुट्टीत ती जरा ऊन खात उभी होती. तेवढ्यात हातात रिमोट घेतलेला, केस विस्कटलेला एक तरुण धावत आला आणि तिच्याकडे न बघता थेट खाली वाकला. त्याने गाडी उचलली, उलटी केली, चाक फिरवून बघितलं. मग कुठे त्याची मान वर झाली.

"लागलं का?"

"कुणाला विचारताय? मला की हिला?"

"तुम्हालाच..."

"मग आधी हिला का उचललंत?"

"ती... इंजिन तापलेलं असतं ना. तुमच्या पायाला चटका बसला असता."

"वा! बरं सुचलं."

त्याचे कान लालबुंद झाले. तिला ते लगेच दिसलं. लोकांचे कान बघणं हेच तिचं काम होतं. आवाजबंद खोलीत माणसांना बसवायचं, हेडफोन लावायचे, बारीकात बारीक आवाज सोडायचे आणि ऐकू आला की बटण दाबायला सांगायचं. खोली इतकी गप्प, की स्वतःचा आवंढासुद्धा ऐकू यावा. अशा शांततेत दिवस काढणाऱ्या मुलीला तो भर्रर्र आवाज सणासारखा वाटला.

"ही कुठे मिळते?" तिने विचारलं.

"माझ्याच दुकानात. समोर, वरच्या मजल्यावर." त्याचा चेहरा उजळला. "भाच्यासाठी हवीय?"

"माझ्यासाठी."

"म्हणजे तुम्ही स्वतः चालवणार?"

"नाही, नुसती मांडीवर घेऊन थोपटणार. स्वतःच चालवणार!"

बाईने पाळणा हवा म्हटलं तर कुणी 'कुणासाठी' विचारत नाही. इंजिन हवं म्हटलं की लगेच भाचा शोधतात. तिला या प्रश्नाची लहानपणापासून चीड होती. घरात रिमोटच्या गाड्या आल्या त्या दादासाठी. दादा गच्चीवर ऐटीत उभा राहून गाडी पळवायचा आणि तिला एकच काम, गाडी उलटली की पळत जाऊन सरळ करायची. "एकदा मला दे ना," म्हटलं की दादा म्हणायचा, "तुला नाही जमणार, मोडशील." न चालवताच तिची परीक्षा झाली होती आणि ती नापासही झाली होती. आता ती कमावती होती. तिला अशी एक गाडी हवी होती, जिच्या रिमोटला तिच्या परवानगीशिवाय कुणाचं बोट लागणार नाही. बस, एवढंच. आणि हे 'एवढंच' फार मोठं होतं.

दुसऱ्या दिवशी ती दुकानात गेली. त्याने काउंटरवर गाड्या मांडल्या आणि गळा साफ केला.

"पहिलीच असेल तर मी म्हणेन, बॅटरीची घ्या. चार्ज केली की झालं. शांत, स्वच्छ, कटकट नाही."

"शांततेचं मला पोट भरून अजीर्ण झालंय. पुढचं दाखवा."

तो हसला. हसताना त्याची एक भुवई वर जायची... दुकानात बघण्यासारखं बरंच होतं, तिने नोंद घेतली.

"मग इंधनाची. पण आधीच सांगतो, ही गाडी नखरेल असते. दोरी ओढून चालू करायची, प्लग तापवायचा, हवेची जाळी धुवायची, चालवून झाली की पुसून तेल सोडायचं. तास चालवाल तर तास पुसाल."

"नखऱ्यांचं मला सांगू नका. माझ्याकडे रोज बहिरे नसल्याचं सिद्ध करायला लोक येतात. दाखवा."

एक रस्त्याची, जमिनीला चिकटून पळणारी. एक बारीक अंगाची बग्गी, मातीत उड्या मारणारी. आणि एक ट्रक, चाकं ही एवढाली, पोट उंच, दिसायला आडदांड.

"तुम्ही बग्गी घ्या," तो म्हणाला. "हलकी आहे. हाताला सोपी."

"चालू करून दाखवा. तिन्ही."

"तिन्ही?"

"तुम्ही पातळ कापड घेताना बोटात धरून बघता ना? मी ऐकून बघते."

मागच्या गच्चीवर त्याने एकेक गाडी स्टँडवर ठेवून चालू केली. ती डोळे मिटून उभी राहिली. वाऱ्याने तिच्या केसांची बट गालावर आणली, ती तिने बाजूलाही केली नाही. रस्त्याची गाडी कर्कश किंचाळली. बग्गी चिरचिरली. ट्रक मात्र... ट्रक पोटातून बोलला.

तिने डोळे उघडले. तो गाडीकडे बघतच नव्हता.

"इकडे काय बघताय?"

"तुम्ही ऐकताना... कुणी असं ऐकताना मी बघितलंच नाही कधी."

"हा ट्रक," ती म्हणाली. आवाज जरा जास्तच कडक लागला, कारण आतून तो विरघळला होता. "आणि नुसता आवाज ऐकून नाही घेत. आमच्याकडचं मैदान खडीचं आहे, गवत घोट्याएवढं. तुमची रस्त्याची गाडी तिथे पोट घासून बसेल आणि बग्गी गवतात हरवेल. बरोबर?"

"बरोबर," तो म्हणाला. मग हळूच, "माझंच चुकलं. चालवणार कुठे, हे मी आधी विचारायला हवं होतं."

चूक कबूल करणारा पुरुष तिने फार वेळा पाहिला नव्हता. ट्रकबरोबर त्याचं ते कबूल करणंही ती घरी घेऊन गेली.

रविवारी मैदानावर सगळे हौशी जमायचे. त्याने तिला सक्त तंबी दिली होती. "इंजिन नवं आहे, त्याला रुळू द्यायचं. ही सुई, म्हणजे इंधनाचा हा स्क्रू, बघितलीत? बाहेर फिरवली की इंधन जास्त जातं. इंधनातच तेल असतं, म्हणजे आतले नवे भाग घासत नाहीत. गाडी सुस्त चालेल, धूर ओकेल. चालू द्या. सुई आत फिरवली की पळेल भन्नाट, पण आतून जळेल. थोडी चालवायची, बंद करायची, थंड होऊ द्यायची. घाई केली की संपलं."

"इंजिनाबद्दलच बोलताय ना?" तिने भाबडा चेहरा करून विचारलं.

"अं?... हो. इंजिनाबद्दलच." कान पुन्हा लाल.

तिने घाई केली नाही. एकामागून एक रविवार तिचा ट्रक मैदानाच्या कडेने धूर सोडत, खोकत, म्हाताऱ्यासारखा फिरत राहिला. बाकीच्यांच्या गाड्या उड्या मारत जायच्या. जुने खेळाडू टोपीवाले काका मोठ्याने विचारायचे, "काय धूरवाली, डास मारायचं कंत्राट घेतलंत का?" सगळे खिदळायचे. ती मान ताठ ठेवून म्हणायची, "हो काका, सुरुवात तुमच्यापासून." तो तिच्या बाजूला उभा असायचा. इंजिन थंड होईपर्यंत दोघं गवतात बसून थर्मासमधला चहा प्यायचे. तिच्या बोटांना इंधनाचा गोडसर वास यायचा आणि तो वास आता तिला आठवडाभर आठवायचा... खोटं कशाला, नुसता वास नाही.

पण त्याला ते हसणं सोसत नव्हतं. ती हसून सोडून द्यायची आणि तो दात आवळायचा. हे तिला दिसत होतं. यातून काय होणार आहे, ते दिसलं नाही.

हौशींची शर्यत ठरली. आदल्या दिवशी ट्रकची पुढची दांडी वाकली म्हणून तिने तो दुकानात ठेवला. शर्यतीच्या सकाळी दुकानदारच ट्रक घेऊन आला, पुसून लखलखीत केलेला. दादाही आला होता, "बघू तरी काय दिवे लावतेस" म्हणत. उलटलेल्या गाड्या सरळ करायला माणूस कमी होता, काकांनी दादालाच पिवळं जाकीट चढवलं.

शर्यतीआधी एक फेरी मारून बघायला तिने प्लग तापवला, दोरी ओढली. इंजिन पहिल्याच झटक्यात पेटलं. तिने बोटभर वेग दिला आणि ट्रक सुसाट सुटला. जमलेल्यांच्या तोंडून 'ओहो' निघालं. दादासुद्धा "अरे!" म्हणाला.

तिने कान टवकारले.

आवाज पातळ होता. ओढलेल्या तारेसारखा. आणि मागे धूर नव्हता.

तिने ट्रक वळवून पायाशी आणला, खाली वाकली आणि इंधनाची नळी चिमटीत दाबून धरली. इंजिन गचका खाऊन बंद पडलं.

"सुईला कुणी हात लावला?"

तो पुढे आला. पांढराफटक. "मी."

"का?"

"ते हसतात... तुम्हाला हसतात. मला बघवत नव्हतं. आज एक दिवस तुम्ही सगळ्यांच्या पुढे जावं असं वाटलं."

"जळलं असतं ना हो इंजिन! तुम्हीच शिकवलंत मला!"

"माहीत आहे. माझ्याइतकं कुणालाच माहीत नाही."

"मला हसत होते, तुम्हाला नाही. मला चालत होतं. मग तुम्हाला कुणी सांगितलं होतं?" तिने रिमोट छातीशी धरला. "लहानपणापासून सगळे माझ्या भल्यासाठीच माझ्या हातातून काढून घेतात. तुम्ही तरी वेगळे असाल असं वाटलं होतं मला."

त्याने सारवासारव केली नाही. एवढं मात्र त्याचं मानायला हवं.

"आण इकडे, मी बघतो," दादा जाकीट सावरत आला.

"दादा, तू तुझ्या जागेवर जा." तिने मागे वळूनही पाहिलं नाही. दादा गेला. आयुष्यात पहिल्यांदा एका झटक्यात गेला.

ती गुडघ्यांवर बसली. पेचकस घेतला. दुकानदार पुटपुटला, "मी किती फिरवली ते सांगू का..."

"नको."

तिने सुई बाहेर घेतली, दोरी ओढली. इंजिन फुरफुरलं आणि मेलं. इंधन फार झालं होतं. कुणीतरी हसलं. तिने प्लग काढला, पुसला, पुन्हा बसवला, सुई किंचित आत घेतली. दोरी ओढली. काही नाही. तळहात सोलला. टोपीवाले काका पुढे झुकले, "द्या हो, आमच्या एका झटक्यात..." आणि तेव्हा तिने सहज दुकानदाराकडे पाहिलं.

त्याने दोन्ही हात पाठीमागे बांधले होते. इतके घट्ट, की खांदे थरथरत होते. हे इंजिन क्षणात चालू करणारा मैदानावर तोच एकटा होता आणि तो जागचा हलत नव्हता. काका पुढे सरकले तसा तो एवढंच बोलला, "काका, मागे या. त्यांची गाडी आहे."

तिने डोळे मिटले आणि दोरी ओढली.

भर्रर्र... आणि मागून पांढरा, जाड, सुंदर धूर. खालचा, पोटातला आवाज. तिचा आवाज.

शर्यतीत ती शेवटची आली. सगळ्यांच्या मागून, धूर सोडत, एकेक वळण नीट घेत. एका उंचवट्यावर ट्रक उलटला आणि पिवळ्या जाकिटातला दादा धापा टाकत पळाला, सरळ करून परत आला. तिने रिमोटवरून नजर न काढता ओरडून सांगितलं, "शाब्बास दादा! छान जमतंय!" दादा हसला. खरंच हसला, आणि ओरडला, "चालव, चालव!" काकांची गाडी मध्येच तापून बंद पडली होती. तिचा ट्रक रेषा ओलांडून आला. मैदानात तिच्याएवढी ताठ मान कुणाचीच नव्हती, पहिल्या आलेल्याचीही नाही.

माणसं पांगली. ती ट्रक पुसत बसली. तो दोन पावलांवर येऊन थांबला. हात अजून मागेच.

"माफी मागत नाही," तो म्हणाला. "माफी मागितली की तुम्हाला ती द्यावी लागेल. एक जागा मागतो."

"कसली?"

"पुढच्या रविवारी दादाची जागा. उलटली की सरळ करायला. बाकी कशालाच हात लावणार नाही." त्याने आवंढा गिळला. तिला तो ऐकू आला. "तुम्ही मला आवडता. गल्लीत 'आधी हिला का उचललंत' विचारलंत ना... तेव्हापासून."

"आणि उत्तर खोटं दिलं होतंत."

"साफ खोटं. मला गाडीचीच काळजी होती."

ती हसली. हसताना डोळ्यांत पाणी आलं, ते हसण्याचं म्हणून खपून गेलं.

"पुढच्या रविवारी," ती म्हणाली, "आणि त्याच्या पुढच्याही. पण सुईला..."

"हात लावायचा नाही."

"शाब्बास." ती उठली. सोललेला, तेलाने काळा झालेला तळहात तिने पुढे केला. "आता कर की हात पुढे, वेड्या. का ते पण मीच सांगायचं?"