काचेचं कॅबिनेट

शहराबाहेरच्या हूटगळ्ळीतल्या नव्या घरात सोफ्याआधी जेवणाचं टेबल आलं होतं, आणि त्या रविवारी सकाळी त्यावर जेवायला जागा नव्हती. वाणीनं सगळे खोके तिथं मांडले होते. मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅमच्या पट्ट्या, विटेसारखं जड ग्राफिक्स कार्ड, मॉनिटर आणि एका बाजूला काच असलेलं काळं कॅबिनेट. स्वतःच्या हातानं जोडलेला गेमिंग कॉम्प्युटर तिला शाळेत असल्यापासून हवा होता. नोकरी लागली आणि वडील आजारी पडले, म्हणून राहून गेलं. आता कुठं मुहूर्त लागला होता.

"इडल्या कुठं ठेवू? त्या पेटीत?" आईनं, अंबूताईंनी, विचारलं.

"हातात दे गं."

अप्पा, म्हणजे तिचे वडील वेंकटरमण, खिडकीपाशी बसले होते. जुन्या शहरात, अग्रहारातल्या टेलरिंगच्या दुकानात त्यांनी निम्म्या गल्लीच्या नवरदेवांचे कोट शिवले होते. गेल्या वर्षी अर्धांगाचा झटका आला. पाय सुधारले, बोलणं सुधारलं, उजवा हात मात्र लुळा राहिला. बोटांना काम द्या, असं डॉक्टर म्हणाले होते. दाबायला रबरी चेंडू दिला होता, तो अप्पांनी शेजारच्या कुत्र्याला देऊन टाकला. दुकान त्यांचा धाकटा भाऊ बघत होता आणि अप्पा दिवसभर रस्ता बघत होते.

"अप्पा, इकडं या. मला एकटीला जमत नाही," वाणी म्हणाली. तिला चांगलं जमत होतं.

"मी काय करू त्यात?"

"स्क्रू धरा."

ते कुरकुरत आले. पहिला स्क्रू बोटांतून निसटला, दुसराही. तिसऱ्या वेळी वाणीनं त्यांचा हात मनगटाशी धरून कॅबिनेटच्या आत नेला. स्क्रू भोकावर टेकला, आणि अप्पांनी तो फिरवला. दोन बोटांत धरून, हलक्या हातानं, सुईत दोरा ओवताना करायचे तसं.

अप्पांनी हात बाहेर काढून बघितला. बाहेर तो पुन्हा जड होता. त्यांनी तो परत आत घातला.

"आत बरं वाटतंय गं," ते म्हणाले. "ऊब आहे."

त्याच वेळी मदरबोर्डच्या कोपऱ्यातला इवलासा दिवा लागल्यासारखा वाटला. खिडकीतलं ऊन पडलं असेल, असं म्हणून वाणी पुढच्या कामाला लागली. थांबायला वेळ कुणाला होता! प्रोसेसर बसवताना दोघांनी श्वास रोखला. पंखा उलटा लागला म्हणून दोघं हसत सुटली. वायरी मात्र अप्पांनी एकट्यानं बांधल्या, कोटाच्या अस्तरासारख्या, आतल्या आत, कुठं सुरकुती नाही. अंबूताई दारात उभ्या राहून ती बोटं बघत होत्या. मग त्यांनी डोळे पुसले, आतून कुंकू आणलं, कॅबिनेटला बोट लावलं आणि वर जाईचं फूल ठेवलं.

"सरी, झालं, आता चालू कर," अप्पा म्हणाले.

वाणीनं बटण दाबलं. पंखे फिरले, काचेआड निळा उजेड पसरला, मॉनिटरचा पडदा उजळला. पहिल्याच फटक्यात! तिनं अशी आरोळी ठोकली की शेजारचा कुत्रा भुंकायला लागला. बापलेकींनी टाळ्या दिल्या, आणि अप्पांनी टाळी उजव्या हातानं दिली.

दुपारपर्यंत त्यांनी घाटातल्या गाड्यांच्या शर्यतीचा खेळ घालून घेतला. अप्पा गाडी दरीत घालत, देवाचं नाव घेत, पुन्हा सुरू करत. एवढे खळखळून हसलेले ते वर्षभरात कुणी ऐकले नव्हते. मध्ये हात धुवायला ते मोरीकडे गेले, तर पडदा मंद झाला. ते परत येऊन बसले, आणि उजेड भरून आला. सेटिंगमध्ये काहीतरी असेल, वाणीनं मनाशी म्हटलं.

चार वाजायच्या सुमाराला शेजारच्या यशस्विनीनं कंपाउंडवरून कन्नडमध्ये हाक मारली. "तुमच्याकडे करंट आहे? लाइनीचं काम चाललंय, जेवणाआधीपासून गेलाय की हो!"

वाणीनं वर बघितलं. छताचा पंखा थांबला होता. फ्रिजचा आवाज नव्हता. ती स्वयंपाकघरात गेली, दिव्याचं बटण दाबलं. काही नाही.

इकडे टेबलावर गाडी घाट चढत होती.

ती कॅबिनेटच्या मागं गेली. मॉनिटरची वायर भिंतीत होती, पण भिंतीतच वीज नव्हती. आणि कॅबिनेटची वायर कुठंच नव्हती. ती खोक्यात सापडली, प्लास्टिकच्या पिशवीत, न उघडलेली.

"अप्पा," ती हळूच म्हणाली, "जरा उठता का?"

"थांब, हे वळण होऊ दे."

तिनं काचेवर तळवा ठेवला. काच माणसाच्या अंगासारखी कोमट होती. आतले पंखे सावकाश वेग घेत होते, सावकाश सोडत होते. तिनं अप्पांच्या छातीकडे बघितलं. छाती वर आली की पंखे वेग घेत. खाली गेली की सोडत.

अप्पा खुशीत होते. गाल लाल झाले होते, बोटं कीबोर्डवर पियानो वाजवल्यासारखी चालत होती.

"उद्या मला दुकानात घेऊन चल, पुट्टी, माझ्या पोरी," ते म्हणत होते. "कात्री धरता येईल मला. एक शर्ट मी स्वतः—"

वाणीनं कॅबिनेटचं बटण दाबून धरलं.

पडदा काळा झाला. पंखे थांबले.

अप्पाही थांबले.

तोंड अर्धं उघडं. डोळे पडद्यावर. ओठांवर हसू तसंच.

"अप्पा?"

आई बाहेर यशस्विनीशी बोलत होती.

"अप्पा!"

तिनं बटण पुन्हा दाबलं. एकदा. मग पुन्हा, जोरात.

पंखे फिरले. निळा उजेड आला.

"—कापून बघतो," अप्पा म्हणाले, आणि हसले. गाडी होती त्याच वळणावर होती.

वाणी खुर्चीत बसली. अप्पांनी डावा हात तिच्या डोक्यावरून फिरवला, लहानपणी फिरवत तसा.

"इतकं छान केलंस गं हे," ते म्हणाले. नजर पडद्यावरून हलली नव्हती. "फक्त मघासारखं बंद करू नकोस हं. आत फार थंडी वाजते."