लाटा दाखवणारं कार्ड

लेस्टर दुकानात आला तो कॉम्प्युटरचा अख्खा डबा छातीशी धरून. डब्याला निळी नायलॉनची दोरी. मी कात्री उचलली, तर म्हणाला, "कापू नको हां. पप्पांनी बांधलीय."

त्याने एका बोटाने गाठ ओढली आणि सगळी दोरी सुटली. मी बघतच राहिले... दोरीकडे की बोटाकडे, आता सांगता येणार नाही.

अंधेरीच्या त्या रिपेअर दुकानात मी सहा वर्षं होते. डबा उघडला आणि मला हसूच आलं. "जीटी सातशे दहा? या ग्राफिक्स कार्डवर गेम खेळणार तू?"

"होडीचा आहे. समुद्रात होडी चालवायची. चालेल ना?"

"चालेल, पण रडत रडत. हे कार्ड पिक्चर बघायला ठीक आहे रे. गेमसाठी चित्र बारीक करायचं, सावल्या बंद, लाटा बंद—"

"लाटाच बंद?" त्याचा चेहरा उतरला. "मग काय उपयोग? पप्पांसाठी पाहिजे होतं."

पप्पा म्हणजे डेनिस अंकल, मढचे. चाळीस वर्षं मासेमारी केली. आता फुप्फुसं निकामी होत चाललेली, नाकाला ऑक्सिजनची नळी, होडी विकलेली. डॉक्टरांनी दोनेक महिने सांगितले होते.

माझं हसू तिथेच मावळलं. "जुनं सोळाशे पन्नासचं कार्ड शोधते," मी म्हटलं. "त्याहून मोठं घेतलंस तर पॉवर सप्लायपण बदलावा लागेल. तोवर घरी येऊन यावरच जमेल तेवढं लावून देते."

"घरी? वर्सोव्याहून बोटीने यावं लागतं... घाबरशील."

"मालवणची आहे मी. तू स्वतःला सांभाळ."

त्याचे कान लाल झाले.

मी गेले, गेम लावला. अंकलनी पलंगावरून स्क्रीनकडे बराच वेळ पाहिलं. "यो पानी हाय? ही तं लादी हाय, पोरी."

आम्ही तिघंही हसलो. अंकलना हसता हसता जी धाप लागली, ती थांबेना. लेस्टरने त्यांना पाठीला आधार देऊन बसवलं, आणि तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेनंतर मी एक दिवसाआड बोट पकडू लागले. कारणं शोधायची, झालं!

कार्ड बाराव्या दिवशी मिळालं, घाटकोपरच्या एका बंद पडलेल्या गेमिंग पार्लरमधून. मी ते बसवलं. स्क्रीनवर लाटा उठल्या, फुटल्या, फेस झाला. लेस्टर कधी मासेमारीला समुद्रात गेला नव्हता. त्यावरून बापलेकांत कित्येक वर्षं अबोला होता, तो आजारपणातच कसाबसा सुटला होता. आता अंकल हळूच म्हणाले, "लाट आडवी घेव नको. तोंड दे तिला."

लेस्टरने होडी वळवली. दोनदा उलटली. तिसऱ्यांदा पार झाली. अंकलचा हात गादीवरून सरकत त्याच्या गुडघ्यावर आला आणि तिथेच राहिला.

असे पाच दिवस. सहाव्या सकाळी अंकल गेले.

चर्चमध्ये मी शेवटच्या बाकावर बसले. लेस्टरच्या आत्या वळून वळून बघत होत्या. महिन्याच्या मिस्साला, अंकलसाठीच्या प्रार्थनेला, पुन्हा गेले, तेव्हा तो मला जेटीपर्यंत सोडायला आला.

"तू येत जाऊ नको आता, श्रुतिका. लोक बोलतात."

"बोलू देत. तुला काय वाटतं ते सांग."

तो पाण्याकडे बघत राहिला. दाढी वाढलेली, डोळे कोरडे. एरवी खळखळून हसणारा हा मुलगा अंत्यविधीतही रडला नव्हता.

"तू आली नाहीस ना... तर त्या घरात मला बसवणार नाही," तो म्हणाला. "मला तू पाहिजेस. पण तुझ्या घरी काय सांगशील?"

"सांगितलं."

"कधी?"

"अंकल होते तेव्हाच."

"मग?"

"आई दोन दिवस जेवली नाही."

"आणि?"

"तिसऱ्या दिवशी जेवली."

तो फिसकन हसला. महिन्याभरात पहिल्यांदा. हसता हसता त्याचा आवाज फाटला, आणि भर जेटीवर, मासळीच्या टोपल्या घेऊन बायका जात असताना, तो माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडू लागला. बोट सुटली. मी जाऊ दिली.